तळून खाल्लेली फुलं

मी विज्ञानाची शिक्षिका आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल. शिरूरच्या एका शाळेत गेली चोवीस वर्षं मी पोरांना फुलाचे भाग शिकवते. फळ्यावर जास्वंद काढते, तिचा मधोमध उभा छेद घेते, लाल खडूने पाकळ्या, पिवळ्या खडूने परागकण. माझी जास्वंद इतकी झकास येते की तपासणीला आलेले एक साहेब वर्ग सोडून फळ्याकडेच बघत बसले होते. आणि ह्याच बाईने आपल्या परसातल्या डांगराच्या वेलाचं पार वाटोळं केलं. तेही रोज सकाळी, नेमाने, गुणगुणत.

डांगर म्हणजे लाल भोपळा. पण आमच्याकडे नुसतं डांगर कोणी म्हणत नाही, ‘आईचं डांगर’ म्हणतात. बी आईच्या माहेरून आलेलं. फळ बसकं, चपटं, खोल खाचांचं, वरून राखाडी हिरवं आणि आत हळद सांडल्यासारखं पिवळं. गोडीला असं की त्याचे घारगे करताना गूळ निम्माच लागायचा. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तीस वर्षं तिने बायकांची बाळंतपणं केली आणि उरलेल्या वेळात हे डांगर वाढवलं. आम्हा पोरांच्या वाट्याला त्या दोन्हींतून जे उरेल ते यायचं.

दसरा झाला की पुढच्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे चांगलं आलं असेल ते त्याने आणून पुढे ठेवायचं. बाजरीची कणसं, कांदे, ऊस, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, जे असेल ते. उपासना चालू असताना कोंबडा मधेच ओरडतो आणि पाळकसाहेब तिकडे न बघता प्रार्थना पुढे नेतात. मग बाहेर मांडवात सगळ्याचा लिलाव होतो. त्यात आईचं डांगर दर वर्षी असायचंच. तिचे त्याबाबत दोन नियम होते. एक, आपल्या डांगरावर आपण बोली लावायची नाही. दुसरा, ज्याने घेतलं त्याने खुशाल खावं, पण मूठभर बी आठवणीने परत आणून द्यावं. त्यातलं ती मागेल त्याला द्यायची. शेवटी घरात आपल्यापुरतं उरलंय का, हेसुद्धा ती बघायची नाही.

आई गेली ती जानेवारीत. त्या वर्षीचं बी नुकतंच परत आलं होतं, अजून ओलसरच. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं, डबा कपाटात ठेवला आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. आप्पा गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, वय एक्याऐंशी, बोलणं मोजकं. आई असताना तीच दोघांचं बोलायची. ती गेल्यावर घरात इतकी शांतता झाली की मला घड्याळाचा राग यायला लागला.

आठवडाभराने इनामगावची मावशी भेटायला आली. ही आईची दवाखान्यातली मैत्रीण, दोघी एकाच खोलीत राहून शिकलेल्या, एकाच ठिकाणी नोकरी केलेल्या. रिटायर झाल्यावर मावशी घोड नदीकाठी आपल्या गावी राहायला गेली. नेहमीसारखं तिने आप्पांना जय भीम घातला, आप्पांनीही घातला, मग ती पोटभर रडली. निघताना म्हणाली, तिच्या हातचं मूठभर बी द्या, माझ्याकडं तेच डांगर हाय, पण हे तिनं धरलेलं शेवटचं. आप्पा म्हणाले, “न्हाई. तिचं हाय ते.” मावशी चहा न घेता गेली. मला आप्पांचा इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त औषधाच्या वेळेला बोलले.

नंतरही लोक मागायला आले. कोणी वढूहून, कोणी यवतहून, आईच्या हातून ज्यांची पोरं जन्मली ते लोक. प्रत्येकाला आप्पांचं एकच उत्तर.

जूनमध्ये डबा उघडला तर आत बुरशी. आई बी सावलीत आठवडाभर वाळवायची, राखेत घोळवायची आणि फडक्यात सैल बांधून खुंटीला टांगायची. आप्पांनी ओलं बी डब्यात कोंडलं होतं. काळं पडलेलं, एकमेकांना चिकटलेलं, वास मारणारं. त्यांचं तोंड बघून मी डबा सुपात पालथा केला. निवडून निवडून अकरा बिया जरा टणक लागल्या, त्या लावल्या. उगवलं एक.

त्या एका रोपापाशी उभं राहून आप्पा म्हणाले, “औंदा चर्चात तिचं डांगर ठेवायचंच.”

झालं. घरात आता तेवढं एकच काम. वेलाला आळं केलं, वर न्हाणीघराच्या पत्र्यावर चढायला दोरी बांधली. आप्पा सकाळी चहाच्या आधी वेल बघायचे आणि चहाच्या नंतर पुन्हा, जणू मधल्या वेळात तो कुठे जाणार होता. श्रावण लागला तशी फुलं यायला लागली, ओंजळीएवढी, केशरी-पिवळी, पहाटे उघडणारी आणि दहा वाजेपर्यंत मिटून लोळागोळा होणारी.

आता माझ्या पापाचा भाग येतो.

समोरच्या खोलीत एक भाभी राहते. बिहारची. तिचा नवरा एमआयडीसीत वेल्डर आहे. तिने कुंपणावरून फुलं बघितली आणि तिचा जीव हरखला. आमच्याकडे ह्याचे पकोडे करतात, म्हणाली, बेसनात बुडवून, वर थोडे तीळ. मला हे माहीतच नव्हतं. कशी तोडायची तेही तिने दाखवलं. ज्या फुलाच्या खाली छोटं गोल फळ दिसतं ते सोडायचं, ज्याची नुसती लांब दांडी असते ते घ्यायचं. आणि जाताजाता म्हणाली, “दीदी, सब मत तोड़ना, कुछ छोड़ देना.”

मी मनात म्हटलं, कशाला सोडायची? रिकामी फुलं आहेत, फळ थोडंच धरणार. उगाच वेलाची ताकद खातायत. चोवीस वर्षांचा अनुभव गाठीशी असला की माणूस असा विचार करतं.

पहिल्या दिवशी चारच भजी केली. आप्पांनी चारही खाल्ली आणि ताटलीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी आठ केली. आई गेल्यापासून हा माणूस अर्धी भाकरी चिवडून उठायचा, तो आता सकाळी सहाला विचारायला लागला, आज किती फुलं आली. मला कोण आनंद झाला. मी रोज पहाटे टोपली घेऊन पत्र्यापाशी जायची, फळवाल्या फुलांना हात लावायची नाही, बाकीची एकूण एक खुडायची. एके दिवशी आप्पा म्हणाले, तुझ्या आईनं ही भजी कवाच केली न्हाईत. मी ते स्वतःचं कौतुक समजले.

इकडे वेलावर काय चाललं होतं? छोटी छोटी गोल फळं यायची, लिंबाएवढी. त्यांच्या डोक्यावरचं फूल उमलायचं, मिटायचं, आणि तीन-चार दिवसांत ते लिंबू पिवळं पडून गळायचं. एक गळलं, दोन गळली, पाच गळली. आप्पा गळलेलं फळ उचलून हातात फिरवायचे आणि भिंतीवर ओळीने ठेवायचे. मी शेणखत घातलं. ताक फवारलं. फळमाशीवर संशय घेतला, जमिनीवर घेतला, खालच्या न्हाणीच्या साबणाच्या पाण्यावर घेतला. शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं की वेलाला नजर लागली असेल, तर त्यांच्यावर मी अशी उखडले की त्या आठवडाभर माझ्या शेजारी बसल्या नाहीत. मधमाश्या रोज यायच्या, हेही मी बघत होते. त्या फळवाल्या फुलात शिरायच्या, बाहेर यायच्या, आणि मी समाधानाने मान डोलवायची की चला, परागीभवन तर झकास चाललंय. त्यांच्या पायांना लागायला पराग कुठून येणार, हे डोक्यातच आलं नाही.

आणि मग तो शनिवार. सकाळची शाळा. सातवीला फुलाचा धडा. जास्वंद काढून झाली, छेद घेऊन झाला, पोरांनी वह्या उघडल्या आणि मी दर वर्षीचं टिपण सांगायला लागले. वाक्यं पाठच आहेत, तोंड आपोआप चालतं. काही वनस्पतींत एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असतात, उदाहरणार्थ जास्वंद. काही वनस्पतींत नर फूल वेगळे व मादी फूल वेगळे असते, उदाहरणार्थ...

मी थांबले.

चोवीस वर्षं ते उदाहरण मी सांगत आले होते. उदाहरणार्थ भोपळा. नर फुलातले पराग कीटकांमार्फत मादी फुलावर गेल्याशिवाय फळ धरत नाही. माझ्या टेबलावर डबा होता आणि डब्यात त्याच सकाळी तळलेली सहा भजी होती. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पुढं?” मला हसू की रडू कळेना. गेला महिनाभर आम्ही बापलेकींनी सगळे नवरे तळून खाल्ले होते.

मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. घरी आले ती पर्स खांद्याला तशीच ठेवून पत्र्यावर शिडी लावली. पावसाने वेलाच्या शेंड्याला भुरी धरली होती, पानं पांढरी पडली होती, वेल थकला होता. शोधून शोधून एक मादी कळी सापडली. खाली लिंबाएवढं फळ, वर टोकाला केशरी झालेली कळी. उद्या सकाळी उमलणार, ते नक्की. त्यानंतर वेलावर पुढे मादी कळी नव्हतीच. आणि नर? उद्या उमलणाऱ्या कळ्यासुद्धा मी त्या सकाळी खुडल्या होत्या, कारण कळ्या जास्त कुरकुरीत होतात. राहिलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यांना आठ-दहा दिवस लागले असते.

शिडीवरून उतरून मी आप्पांना सगळं सांगितलं. म्हटलं आता ते बोलणार, आणि बोलावंच. ते भिंतीवरच्या गळलेल्या फळांच्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दोघांनी खाल्ली.” एवढंच. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं.

नर फूल दुसरीकडून आणायचं, हे उघड होतं. गल्लीच्या टोकाला एकाच्या दारात दुकानातल्या पाकिटातल्या बियांचा भोपळा होता, नुकताच फुलांनी भरलेला. आप्पा लगेच चपला घालायला लागले. मी त्यांना बसवलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. ते पराग लावले तरी फळ आईचंच येईल, तसंच बसकं, तसंच गोड, कारण गर आणि साल वेलाची असते. पण आतल्या बिया निम्म्या त्या दुसऱ्या भोपळ्याच्या होतील. पुढच्या वर्षी त्या लावल्या तर काय उगवेल ते देव जाणे. सातवीच्या पोरांना हे समजवायला मला दोन तास लागतात. आप्पांना दोन मिनिटं लागली. “म्हंजी औंदा भागंल. पुढं न्हाई.”

मी म्हटलं, तेच डांगर इनामगावला आहे.

त्यांनी घातलेल्या चपला काढल्या. मी म्हटलं, तुम्ही तिला मूठभर बी नाही दिलं, आपल्या दारातून ती बिनचहाची गेली, आता फोन कोणत्या तोंडाने करायचा ते तुम्हीच सांगा. हे सगळं मी जरा वरच्या पट्टीत बोलले असणार, कारण समोरची भाभी दारात आली आणि परत आत गेली. आप्पांनी हात पुढे केला आणि म्हणाले, लावून दे.

मी नंबर लावून दिला आणि मोबाइल स्पीकरवर टाकला, कारण त्यांना कमी ऐकू येतं. मावशी म्हणाली जय भीम. आप्पा म्हणाले जय भीम. मग ते म्हणाले, “मी चुकलो. तुला बी न्हाई दिलं. डब्यात घालून सगळं नासवलं म्या.” आणि लगेच, श्वासही न घेता, “आता एक फूल पायजेल.”

त्यांना असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मावशीने विचारलं, फूल कशाला? मग मी भज्यांची हकिकत सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, माझ्या पत्र्यावर नुसता धिंगाणा चाललाय नर फुलांचा, एक काय, पाटीभर न्या. पण पहाटे ये, उमललेलं ताजं घे, आन् धा वाजायच्या आत लावून टाक. आणि आत्ताच्या आत्ता तुमच्या कळीला वरून दोरा बांध, नाहीतर सकाळी माशी येऊन भलतंच लगीन लावून जाईल.

दोरा मी बांधला. आप्पांनी तो पुन्हा सोडून नीट बांधला.

रविवारी उजाडायच्या सुमाराला स्कूटी काढली. आप्पा प्लास्टिकची खुर्ची घेऊन वेलापाशी पहाऱ्याला बसले होते, डोक्याला कानटोपी, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. मधमाशीला मारू नका, ती बिचारी आपलं काम करते, एवढं बजावून मी निघाले. न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा, पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे खड्डे. हवा अशी गार आणि स्वच्छ होती की एवढ्या काळजीतही मी गाणं म्हणत होते. पोचले तेव्हा साडीच्या काठाला कुसळं आणि आघाड्याचं बी चिकटलेलं. कुठल्याशा वळणावर जरा थांबले होते तेवढ्यात ते स्वार झालं. ह्या गवतांची मला कमाल वाटते. फुकटात पोचवणारं कोणी दिसलं की संधी सोडत नाहीत.

मावशी अंगणात उभीच होती. घरात शिरताना भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली एक लहान फोटो, दोन तरुण नर्सा पांढऱ्या साडीत, एकीच्या हातात बसकं डांगर. आई इतकी हडकुळी होती हे मी विसरूनच गेले होते. मी फोटोपाशी घोटाळले तर मावशीने दंडाला धरून बाहेर नेलं. आधी फुलं, मग रडणं, म्हणाली.

तिच्या शेडच्या पत्र्यावर आईचंच डांगर पसरलं होतं. तीच खाचांची राखाडी हिरवी फळं, चार तर मी खालूनच मोजली. मावशीने लांब दांडीची पाच फुलं खुडली, एकातली मधली दांडी मला दाखवली, पिवळ्या भुकटीने माखलेली. बोट लावलं तर बोट पिवळं. स्टीलच्या डब्यात ओलं फडकं घातलं, वर फुलं निजवली. हे तू कुठे शिकलीस, मी विचारलं.

“तुझ्या आईकडून. ती रोज ड्युटीवर जायच्या आधी सहाला उठून लगीन लावायची एकेकीचं. तू झोपलेली असायचीस.”

अख्खं लहानपण मी त्या वेलाशेजारी काढलं. दर वर्षी डांगर येतं, पाऊस येतो तसं, असं समजून मोठी झाले. मग कॉलेजात जाऊन परागीभवन शिकले, परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि माझी आई पहाटे उठून काय करते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मावशीच्या अंगणात मला लाज वाटली, आणि आईची फार आठवण आली. मावशीने डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, निघ.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या अलीकडे मेंढरं. अख्खा रस्ता भरून, निवांत, जणू त्यांना कुठे जायचंच नाही. मी हॉर्न वाजवला, हातवारे केले, पोरांवर ओरडते तशी ओरडले. मेंढरांमागच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, एवढी घाई कशाची, बाई? मी म्हटलं, लग्न आहे. त्यांनी हॅक हॅक करून मेंढरं बाजूला घेतली आणि वर आशीर्वादही दिला.

घरी पोचले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. आप्पा खुर्चीत तसेच. भाभीही येऊन उभी राहिली होती. मी दोरा सोडला. मादी फूल आत ताजं होतं, मधोमध तीन फाकांचं हिरवट-पिवळं टोक, चिकट, ओलसर. मी डबा उघडला, एका नर फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि आप्पांपुढे धरलं. ते मागे सरकले. माझा हात कापतो, म्हणाले, तू मॅडम हायेस, तू कर. मी एक फूल घासलं, मग दुसरं, मग पाचही. पिवळी भुकटी त्या ओल्या टोकावर नीट बसलेली दिसली. पुन्हा दोरा बांधला. आप्पांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मग आम्ही चर्चला गेलो. माझ्या बाहीला पराग तसाच होता, शेजारणीने झटकायला हात पुढे केला तर मी तो धरला.

पुढचे चार दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. पाचव्या दिवशी सकाळी आप्पांची हाक आली. फळ गळलं नव्हतं. दांडी खाली वाकली होती आणि लिंबाचं मोसंबं झालं होतं. मी आप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडले. ते मला थोपटत म्हणाले, आता भजी बंद. पुढे त्यांनी त्या डांगराखाली गवताची चुंबळ ठेवली, उन्हात वर गोणपाट टाकलं, भुरीची पानं रोज खुडली. ते एकच फळ, सगळा वेल त्याच्यासाठी राबला, आणि डांगर असं मोठं झालं की पत्र्यावरून उतरवायला भाभीच्या नवऱ्याला बोलवावं लागलं.

सणाच्या दिवशी आप्पांनी ते स्वतः उचलून पुढे नेऊन ठेवलं. कोणाला हात लावू दिला नाही. इनामगावची मावशी पांढरी साडी नेसून शेवटच्या बाकावर बसली होती, आम्ही बोलावलं होतं. लिलाव सुरू झाला आणि डांगराची पाळी आली तसा माझ्या शेजारी आप्पांचा हात हलला. मी तो घट्ट धरला आणि कानात आईचा पहिला नियम सांगितला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मला हात सोडून द्यावासा वाटला. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, आणि ती जी बोली बोलली तिच्यावर कोणी बोललंच नाही.

ती डांगर घेऊन थेट आमच्याच घरी आली. विळीवर तिने ते कापलं, दोन भकलं झाली आणि सगळ्या घरात तो वास पसरला. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. मग घारगे झाले. मावशीने बी धुवून सुपात घातलं आणि आईच्या नियमाप्रमाणे आप्पांच्या पुढे ठेवलं. आप्पांनी आधी दोन्ही मुठी भरून तिच्या पदरात घातलं. ह्या वेळी तिने चहा घेतला.

उरलेलं बी त्यांनी सावलीत आठवडाभर वाळवलं, राखेत घोळवलं. मग जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या. पुढच्या रविवारी चर्चच्या फाटकाशी उभे राहून वाटल्या, आणि ज्यांना त्यांनी नाही म्हटलं होतं त्यांना आठवून आठवून निरोप धाडले. वढूचे लोक येऊन गेले, यवतचे येऊन गेले. मी पिशवीत डोकावले तर एकच पुडी राहिली होती. ती मी काढून घेतली आणि म्हटलं, ही आपली.

घरी पोचलो तर भाभी सामान बांधत होती. छटपूजेला गावी निघाली होती, रात्रीची गाडी. तिने संकोचत विचारलं, चाचा, थोड़ा बीज मिलेगा? आप्पांनी माझ्या हातातली पुडी घेतली आणि तिच्या हातावर ठेवली.

मी म्हटलं, आप्पा, ती शेवटची होती, आपल्याला एक तरी बी नको का?

“आपल्याला लागलं तर मागून आणू.”

“बिहारहून?”

“व्हय,” आप्पा म्हणाले आणि वेलाचं वाळलेलं दांडकं पत्र्यावरून ओढून काढायला लागले.